धान्यातली खनिजं घटली, पण दोष खताचाच का?

‘रासायनिक खतांमुळे धान्यातलं सत्त्व संपलं, आता उरलाय तो नुसता चोथा’ असा संदेश फिरतो आहे. त्याबद्दल हा खुलासा.

काही खनिजं घटली आहेत, हे खरं. पण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातला गव्हाचा प्रयोग पाहा. 1843 पासून तिथे एकाच शेतात काही पट्ट्यांना रासायनिक खत, काहींना शेणखत आणि एकाला काहीच दिलं जात नाही. जुने दाणेही जपून ठेवलेत. त्यांतलं जस्त, लोह, तांबं 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास स्थिर होतं. मग बुटके, भरघोस पिकणारे वाण आले आणि प्रमाण घसरलं. शेणखताच्या पट्ट्यातही, बिनखताच्याही! मातीतली खनिजं मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे मोठा वाटा वाणाचा.

शेणखताचं मोल यानं कमी होत नाही; मातीचा कस राखायला ते हवंच, असं माझं ठाम मत आहे. पण खत म्हणजे सत्त्वाचा शत्रू, हे साफ चूक. फिनलंडच्या मातीत पिकांना मिळेल असं सेलेनियम, म्हणजे शरीराला अगदी थोडं पण लागणारं एक खनिज, फारच कमी. म्हणून 1984 मध्ये ते रासायनिक खतातच मिसळायचं ठरलं. त्यानंतर तिथल्या धान्यातलं आणि लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं.