'आर्ग्यू करू नकोस' म्हणण्याआधी

रोजच्या मराठीत रुळलेलं एक इंग्रजी क्रियापद मला मनापासून खटकतं. आर्ग्यू करणं. "उगाच आर्ग्यू करू नकोस." "तो फार आर्ग्यू करतो." "सीनियरशी आर्ग्यू करायचं नसतं." ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो बहुतेक वेळा भांडत नसतो, कारण सांगत असतो.

एक प्रसंग घ्या, कुठल्याही ऑफिसातला. मीटिंगमध्ये साहेब जाहीर करतात की शुक्रवारी काम क्लायंटच्या हातात पडलं पाहिजे. टीममधली सगळ्यात ज्युनियर मुलगी म्हणते, "सर, कोड बुधवारी पूर्ण होणार आणि टेस्टिंगला चार दिवस लागतात. मग शुक्रवार कसा जमेल?" आवाज चढलेला नाही, एकही शब्द वावगा नाही. दोन गोष्टी मांडल्या आणि त्यांतून निघणारा प्रश्न विचारला, एवढंच. उत्तर येतं, "आर्ग्यू नको करूस, कसं होईल ते बघ." बाकीचे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. चार दिवसांचं काय, ते कुणीच सांगत नाही. मुलगी मात्र त्या दिवसापासून 'अ‍ॅटिट्यूडवाली' ठरते.

इंग्रजीत या क्रियापदाला दोन अंगं आहेत. अमुक लेखक अमुक 'आर्ग्यू करतो' म्हणजे कारणं देऊन ते प्रतिपादन करतो. शोधनिबंधात, अग्रलेखात हाच अर्थ. आणि अमक्याशी 'आर्ग्यू करतो' म्हणजे वाद घालतो, कधी नुसता भांडतो. आपण बोलण्यात दुसरं अंग तेवढं उचललं. अपवाद वकिलांचा. त्यांच्याकडे 'आज आर्ग्युमेंट आहे' म्हणजे युक्तिवादाची तारीख आहे, आणि दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देणं हे न्यायाधीशांचं कामच असतं. (हुज्जत या शब्दाचंही असंच झालं. मूळ अरबीत तो पुरावा, प्रमाण या अर्थाचा. आपल्याकडे येऊन तो भांडण झाला.)

म्हणून दोष एकट्या इंग्रजी शब्दाला देऊन भागणार नाही. कारण देणारा माणूस आपल्याला भांडखोर वाटतो, ही सवय जुनी आहे. आणि गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे हा फरक आपल्याच परंपरेत फार बारकाईने केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी, प्रमाण आणि तर्क वापरून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, त्यात छलही चालतो, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेणं. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत राहणं ही वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथलाच. छलाचं तिथल्या चर्चेतलं उदाहरण तर आजही रोज भेटतं: कुणी म्हणालं 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवी कांबळ आहे, समोरचा 'नव'चा अर्थ नऊ घेऊन विचारतो, एकच दिसतेय, बाकीच्या आठ कुठायत? टीव्हीवरच्या चर्चांमध्ये दुसरं काय चालतं?

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. वाद कुणाशी करावा? शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, ज्याच्या मनात असूया नाही अशा कल्याणेच्छू माणसाशी. म्हणजे गुरू-शिष्यांमधला वाद हा तिथे उद्धटपणा नाही, शिकण्याची रीत आहे. आणि आपण शाळेतल्या मुलाला "असं का?" विचारल्याबद्दल गप्प बसवतो.

गप्प बसवण्याचं नुकसान मोजताही येतं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. टेबलावर चार कार्डं: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला कुठली कार्डं उलटायची? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. एकेकट्याने सोडवताना दहात जेमतेम एकाला हे जमतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच कोडं गटांना चर्चा करून सोडवायला दिलं, तेव्हा चारांतले तीन गट बरोबर उत्तरापर्यंत पोचले. अशा चर्चेत नेमकं काय घडू शकतं ते बघा. कुणीतरी म्हणतं, "थांब, ४ च्या मागे क निघालं तरी नियम कुठे मोडतो? ७ च्या मागे अ निघालं तर मात्र मोडतो." झालं. हे वाक्य म्हणजेच आर्ग्यू करणं. ते म्हणणाऱ्याला "तू फार बोलतोस" म्हटलं असतं, तर तो गट चुकीच्याच उत्तरावर एकमताने थांबला असता.

काही माणसं खरंच खोडसाळ असतात, मान्य. त्यांना ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: "बरं, मग तुझं म्हणणं काय?" वितंडा करणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. ज्याच्याकडे असतं, त्याचं ऐकायला हवं, मग तो वयाने, हुद्द्याने, नात्याने कितीही लहान असो. घरात तर हे आणखी खरं आहे. नव्या सुनेने "याऐवजी असं केलं तर?" म्हटलं की ती उलट बोलते, आणि तेच जावयाने म्हटलं की ती सूचना होते. वाक्य तेच. मला हे संतापजनक वाटतं.

वेळ नसतो, निर्णय झालेला असतो, प्रत्येक गोष्टीवर चर्चा शक्य नसते. खरं आहे. मग तसं सांगा ना: "तुझा मुद्दा कळला, मला पटला नाही, आणि आत्ता निर्णय माझा आहे." यात अधिकार शाबूत राहतो आणि समोरच्याने दिलेलं कारण हे कारणच राहतं, त्याचा गुन्हा होत नाही.