सात मणके आणि एक नऊवारी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मुलांना पुस्तकातून शिकवणं आता मागासलेपणाचं लक्षण मानतात. 'करून बघू दे त्यांना,' असं आया म्हणतात आणि पोरं माझ्याकडे पाठवून देतात. मी बँकेत, म्हणजे रविवारी मोकळाच, हा हिशोब कोणी केला देव जाणे.

जैवविविधतेचा श्रीगणेशा कमाटीबागेत झाला. सुतळीनं मीटरभर चौकोन आखायचा आणि आतले सजीव मोजायचे. दूर्वा, गाजरगवत, आघाडा, दोन जातींच्या मुंग्या, एक गोगलगाय. तेवढ्यात लक्षात आलं की बाकड्यावर घोरणाऱ्या एका गृहस्थांचा लोंबता पाय चौकोनात येतोय. पाय तेवढाच धरायचा की गृहस्थ अख्खे, यावर जुंपली आणि गृहस्थ जागे झाले. त्यानंतर 'विश्वामित्रीतल्या मगरी मोजू या' अशी सूचना आली, ती मी तातडीनं संग्रहालयाकडे वळवली.

तिथं निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांच्या वरचा. त्याच्याखाली उभं राहून मी सांगून बसलो की देवमासा असो, जिराफ असो, उंदीर असो, मानेचे मणके सातच. स्लॉथसारखे एखाददुसरे नखरेल सोडून द्या. माणसाचेही सातच.

हे घरी आल्यावर आईला भोवलं. तिला मानेचा पट्टा आहे.

"आजी, पट्टा काढ ना, मोजायचंय!"

सातव्या मणक्याचं टोकच काय ते बोटाला नीट लागतं. ते लागताच "सापडला! सातवा सापडला!" म्हणून वाडा दणाणला.

"सापडलाय तर दाब की जरा," आई म्हणाली. "तिथंच दुखतं मेलं."

मग पचनसंस्था. लहान आतडं सुमारे सहा मीटर, मोठं दीड. घरात एवढी लांब वस्तू एकच, आईची इरकली नऊवारी. सव्वाआठ मीटर भरते. ओटीपासून माजघर ओलांडून परसदारापर्यंत आतडं पसरलं. पाऊण मीटर पदर उरला, त्याचं जठर केलं. एवढं सगळं पोटात मावतं कसं, या प्रश्नावर मी खडू शोधत होतो, तोवर आईनं भराभर निऱ्या घालून आतडं वीतभर जागेत बसवलंसुद्धा. मला इतकं सोपं कधी सुचलं नसतं, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं.

इथं थांबायला हवं होतं. पण अन्नाचा प्रवास प्रत्यक्ष दाखवायचा म्हणून एका चिरंजीवांनी नाश्त्याची सेव-उसळ जठरात ओतली. तर्रीसकट. लहान आतड्यात अन्न काही तासच राहतं. इरकलीवर तर्रीचा मुक्काम कायमचा आहे. आई माझ्याशी बोलत नाही. ज्यानं ओतली त्याला मात्र लाडू मिळाला.

पुढच्या रविवारी उत्सर्जनसंस्था आहे, असं मुलांनी परस्पर ठरवलंय. त्या दिवशी मला नवसारीला एका लग्नाला जायचंय. कोणाच्या, ते बघतोय.