'मॅच गेम'ची वाट नक्की कोणी लावली?

जुन्या अमेरिकी गेम शोंचा नाद असलेल्यांमध्ये एक विधान हमखास फिरतं. 'मॅच गेम'चे 1996, 2004 आणि 2008 चे पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायला बनवलेले नमुना भाग, पडून राहिले, कारण त्यांनी मूळ खेळाची वाट लावली. चॅनेलवाल्यांनी ते ओळखलं. खेळ जसाच्या तसा ठेवला असता तर हातोहात खपला असता.

खेळ म्हणजे आपलं 'गाळलेल्या जागा भरा'. सूत्रसंचालक चावटसं अर्धवट वाक्य वाचतो, सहा सेलिब्रिटी कार्डावर शब्द लिहितात आणि स्पर्धकाचा शब्द जितक्यांशी जुळेल तितके गुण.

आता 'मूळ खेळ' कुठला? हा शो एनबीसी या अमेरिकी चॅनेलवर 31 डिसेंबर 1962 ला सुरू झाला तेव्हा सहा सेलिब्रिटी नव्हतेच. तीन-तीन जणांचे दोन संघ, प्रत्येकात एकच नामांकित चेहरा, आणि प्रश्न अगदी शाळकरी. शो बंद करायचं ठरल्यावर 'मॅड' मासिकात लिहिणाऱ्या डिक डिबार्टोलोंनी, जाता जाता का होईना, प्रश्न चावट करायला घेतले आणि तो 1969 पर्यंत तगला. ज्याला आज सगळे 'मूळ' म्हणतात तो सहा जणांचा अवतार 1973 चा, सीबीएस या दुसऱ्या चॅनेलवरचा. सूत्रसंचालक तेच, जीन रेबर्न. बाकी बरंच काही बदललेलं. म्हणजे मोडतोड हा गुन्हा असेल तर पहिला आरोपी तुमचा लाडका शोच. त्याच्या शेवटच्या फेरीत प्रेक्षकांची उत्तरं ओळखायची असत. त्या तुकड्यातूनच 1976 मध्ये 'फॅमिली फ्यूड' हा वेगळा गेम शो उभा राहिला.

चॅनेलवाल्यांना कळतं म्हणता? 'हॉलीवूड स्क्वेअर्स' या दुसऱ्या गेम शोचा 1965 चा पायलट सीबीएससाठी बनला होता, सूत्रसंचालक बर्ट पार्क्स. सीबीएसनं तो सोडून दिला. पुढच्या वर्षी एनबीसीनं पीटर मार्शलना घेऊन तोच खेळ सुरू केला आणि तो 1980 पर्यंत चालवला. मर्व्ह ग्रिफिन यांचा 1973 चा 'शॉपर्स बझार' हा पायलटही तसाच नाकारला गेला. 1975 पासून तो 'व्हील ऑफ फॉर्च्यून' नावानं ओळखला जातो.

शिवाय विकलं गेलं म्हणजे जमलं, असंही नाही. 1998 चा 'मॅच गेम' रीतसर विकला गेला आणि वर्षभरात आटोपला. 1990 च्या अवताराच्या पायलटमध्ये तर सूत्रसंचालक बर्ट कॉन्व्ही होते; ते आजारी पडले आणि शो रॉस शेफर यांच्याकडे गेला. पायलट पाहून खरेदी केली, पडद्यावर आला दुसराच माणूस.

'जसाच्या तसा ठेवा'चं उत्तर 2008 च्या पायलटमध्येच आहे. टीबीएससाठी केलेला, अँड्र्यू डेली सूत्रसंचालक, पॅनेलवर सारा सिल्व्हरमन, नॉर्म मॅकडॉनल्ड वगैरे सहा जण, तीच गाळलेली जागा. यापेक्षा जसाच्या तसा काय असणार? तरी तो कोणी घेतला नाही. आणि 2016 मध्ये एबीसीनं अॅलेक बाल्डविनना उभं करून जवळपास तोच साचा रात्रीच्या मुख्य वेळेत लावला, तो काही वर्षं चालला. आठ वर्षांत नियम बदलले नव्हते. चॅनेल, वेळ आणि समोरचा चेहरा बदलला होता.

1996 च्या पायलटची, म्हणजे 'एमजी टू'ची ('मॅच गेम'चं लघुरूप), वकिली मात्र मी घेणार नाही. त्या नावावरूनच कळतं.