ठमीचे नख आणि माझे प्रायश्चित्त

घरातले माणूस दुखावले गेले तर पुढे काय करायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. आधी ते माणूस रुसते, मग ताटे वाढल्यावर ‘मला भूक नाही’ असे जाहीर करते, मग घरातल्या कुणा तिसऱ्याकरवी निरोपांची ने-आण होते, आणि शेवटी ‘चहा टाकतोय, घेणार का?’ या प्रश्नाला ‘अर्धा कप’ असे उत्तर आले की प्रकरण मिटले असे दोन्ही पक्षांनी समजायचे असते. यात अपराधी माणसाची मोठी सोय असते, कारण आपला अपराध केवढा आहे आणि तो फेडायला किती वाकावे लागणार आहे, याचा अंदाज त्याला समोरच्याच्या रुसव्यावरून बसल्या जागी येतो.

कुत्र्याच्या बाबतीत ही सोय नाही. ते किंचाळते, पळते, आणि थोड्या वेळाने परत येऊन ज्या हाताने त्याला दुखवले तोच हात चाटते. आता या चाटण्याचे काय करायचे? ती क्षमा समजावी, तर आपण अजून ती मागितलेलीही नसते. आणि हाताला मघाच्या बिस्किटाचा वास असेल असे समजावे, तर आपलेच मन ते मानायला तयार होत नाही. आमच्या ठमीच्या नखाच्या प्रकरणात मी नेमका या पेचात सापडलो आणि त्यातून सुटण्यासाठी जे जे केले, त्याचा त्रास मूळ जखमेपेक्षा तिला अधिक झाला, असे घरातल्या सर्वांचे एकमत आहे.

ठमी ही जातिवंत गावठी कुत्री आहे. अशा कुत्र्यांना हल्ली ‘इंडी’ म्हणतात, परंतु आमच्या आईसमोर तो शब्द उच्चारण्याची कुणाची छाती नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात कुडकुडताना माझ्या मुलीला ती सापडली आणि ‘फक्त पाऊस थांबेपर्यंत’ या अटीवर घरात आली. ती पार्किंगमध्येच राहिली असती, तर तिच्या नखांचा प्रश्न कधी उद्भवलाच नसता. डांबर, खडी आणि माती यांवरून हिंडणाऱ्या कुत्र्यांची नखे आपोआप झिजतात. आमच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र ती झिजत नाहीत, नुसती वाजतात, आणि पहाटे ठमी पाणी प्यायला उठली की एखादा टायपिस्ट स्वयंपाकघरात रुजू झाल्याचा भास होतो.

कुत्र्याला साधारणपणे अठरा नखे असतात. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार. त्यांपैकी पुढच्या पायांचे अंगठ्याचे नख वर असते, ते जमिनीला टेकतच नाही आणि म्हणून वाढता वाढता आत वळते. प्रत्येक नखाच्या गाभ्यात जिव्हाळी असते आणि तिच्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात. पांढऱ्या नखाच्या कुत्र्यांमध्ये ती गुलाबी दिसते आणि कापणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते. ठमीची अठराच्या अठरा नखे काळीभोर आहेत. डॉक्टरांनी त्यावर उपाय सांगितला होता. एका वेळी तांदळाच्या कणीएवढाच तुकडा कापायचा, कापलेल्या जागेकडे समोरून पाहायचे आणि मध्यभागी ठिपका दिसू लागला की हात आवरायचा. हे सर्व मी लक्षपूर्वक ऐकले होते, आणि डाव्या पंजापर्यंत ते तंतोतंत पाळलेही होते. परंतु डावा पंजा निर्विघ्न पार पडला की माणसाला वाटू लागते की आपल्या अंगी ही कला उपजतच असावी.

उजव्या पंजाच्या पहिल्याच नखाला ठमीने जो आवाज काढला, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकांनी जेवता जेवता इंटरकॉम उचलला. माझ्या हातात नखे कापायची कात्री होती आणि फरशीवर रक्ताचे थेंब होते. त्या दृश्यात खुलासा करण्याजोगे काही उरलेच नव्हते. आईने हळदीचा डबा आणला. बायकोने डॉक्टरांना फोन लावून, त्यांच्या सांगण्यावरून कॉर्नफ्लोअर नखावर दाबून धरले. मुलीने ठमीचे डोके मांडीवर घेतले. मी तुरटी शोधायला गेलो, कारण दाढी करताना कापले तर न्हावी तुरटी फिरवतो एवढे मला ठाऊक होते. परंतु न्हाणीघरात ती हातात घेऊन उभा राहिल्यावर, इतका वेळ मी तिथे आहे म्हणजे बाहेर जाऊन ठमीच्या नजरेला नजर देणे टाळतो आहे, हे माझ्याच लक्षात आले. बाहेर येऊन पाहतो तो रक्त थांबलेले होते. धडधाकट कुत्र्याचे असे रक्त काही मिनिटे दाबून धरले की थांबतेच, आणि पांढऱ्या फरशीवर ते असते त्याहून फार जास्त दिसते, असे डॉक्टर फोनवर सांगत होते. ठमी दिवाणाखाली गेली. मी दिवाणाजवळ जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने ती बाहेर आली, माझे मनगट चाटले आणि माझ्याच मांडीवर हनुवटी टेकून झोपी गेली.

इथे हे प्रकरण संपायला हवे होते. ठमीपुरते ते संपलेही. परंतु इतक्या स्वस्तात सुटणे मला पटेना. काहीतरी शिक्षा झाली पाहिजे, म्हणून मी कायदा उघडला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपल्याकडचा कायदा १९६० सालचा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा रुपये आणि कमाल पन्नास. मुळात माझ्या हातून घडले ते त्या कायद्यात बसतच नव्हते. पण बसते असे धरून चालले तरी ठमीच्या बिस्किटांचा पुडा त्याहून महाग येतो. ज्या पापाचा दंड खिशातल्या चिल्लरीत भागतो, त्याने मनावरचे ओझे कसे उतरणार?

मग मी धर्माकडे वळलो, म्हणजे आईकडे. ती म्हणाली, “मांजर असतं आणि ते मेलं असतं, तर सोन्याचं मांजर करून काशीला जाऊन दान द्यावं लागलं असतं. कुत्र्याच्या नखाचं काही ऐकलं नाही बाई.” मी सोन्याचे चालू भाव आठवून, मांजर किती लहान केलेले चालते अशी चौकशी केली. त्यावर, ज्याला आपल्या पापाचा आकार माहीत नाही त्याने मांजराचा विचारू नये, असे उत्तर मिळाले. मात्र तिने जाता जाता नामदेव महाराजांची आठवण करून दिली. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा त्याला ती कोरडी खावी लागू नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट तिने मला लहानपणी अनेकदा सांगितली होती आणि तिचा माझ्यावर काही परिणाम झालेला त्या दिवसापर्यंत कुणी पाहिला नव्हता.

दरम्यान बायकोने शास्त्राची बाजू सांभाळली होती. ठमीने उशी फाडल्यावर तिचा जो चेहरा होतो, कान मागे, मान खाली, नजर तिरपी, तसाच माझा झाला आहे असे तिचे म्हणणे होते, आणि तो पाहून विरघळायची तिची तयारी नव्हती. न्यूयॉर्कमधल्या बार्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची माहिती तिने कुठेतरी वाचली होती. चौदा कुत्र्यांना समोरचा खाऊ खायचा नाही अशी मालकांनी ताकीद द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. मागे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरे तर कधी खोटे सांगायचे, अशी ती रचना होती. त्यातून आढळले ते असे, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने गुन्हा केला होता की नव्हता यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते ती बिचारी रागावल्यावर उलट अधिकच अपराधी दिसली. “तेव्हा तुझाही हा चेहरा ओरडा खाल्ल्याचा आहे, पश्चात्तापाचा नाही,” असा निवाडा देऊन ती भाजी निवडायला बसली. तीस वर्षांच्या संसारात माझा चेहरा इतक्या शास्त्रशुद्ध रीतीने कुणी वाचला नव्हता.

मुलीने मात्र माझ्या बाजूचा पुरावा शोधून आणला. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ साली एक्कावन्न कुत्र्यांवर केलेला प्रयोग होता तो. पारदर्शक पडद्याच्या फटीतून माणूस कुत्र्याला खाऊ देत असे, आणि मग एकदा मुद्दाम हात मागे घेई, एकदा वेंधळेपणाने खाऊ पडल्याचे सोंग करी, तर एकदा फटच बंद असे. पडद्याला वळसा घालून गेले की खाऊ मिळण्याजोगा असे. वेंधळ्या माणसाकडे कुत्री लगबगीने गेली. ज्याने मुद्दाम हात मागे घेतला त्याच्याकडे जाण्यापूर्वी मात्र त्यांनी अधिक वेळ वाट पाहिली. “म्हणजे बाबा, तू दुष्ट नाहीस हे ठमीला कळतं,” मुलगी म्हणाली. “नुसता धांदरट आहेस, हेही कळतं.” मला बरे वाटावे म्हणून सांगितलेली गोष्ट इतकी अचूक असण्याची गरज नव्हती.

असो. कायद्याने सोडले, धर्माने मांजराकडे बोट दाखवले आणि शास्त्राने धांदरट ठरवले, त्यामुळे उरली ती तुपाची वाटी. रात्री सगळे झोपल्यावर मी ठमीला तूप लावलेली पोळी दिली. ती तिने अशा आनंदाने खाल्ली की मला आपल्या अपराधाचा हप्ता वळता झाल्यासारखे वाटले, म्हणून दुसरी दिली. मग पनीर, मग सायीचे दही, मग पुन्हा तूप. मनुके तेवढे हातात घेऊन परत ठेवले, कारण द्राक्षे आणि मनुके कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात हे मला ठाऊक होते, आणि त्या रात्री मी दाखवलेला शहाणपणा तेवढाच. नामदेव महाराजांच्या कुत्र्याचे पोट दुसऱ्या दिवशी कसे होते, हे आईच्या गोष्टीत कधीच आले नव्हते. ठमीचे बिघडले. पहाटेपर्यंत मी तिला घेऊन जिना इतक्या वेळा उतरलो-चढलो की वॉचमनने शेवटी फाटक उघडेच ठेवले. प्रत्येक वेळी ती मोठ्या सौजन्याने शेपटी हलवत होती, आणि त्यामुळे मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

डॉक्टरांनी आधी नख पाहिले, त्यात काही नव्हते. मग पोटाविषयी विचारले. मी यादी सांगू लागलो. पनीरपाशी त्यांनी पेन खाली ठेवले. जखम माझ्या वेंधळेपणाची होती आणि जुलाब माझ्या पश्चात्तापाचे होते, तेव्हा पहिला उतारा दुसऱ्याला द्यायचा, असे त्यांचे मत पडले. मऊ भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी हे पथ्य ठरले. आमचे घर शाकाहारी आहे. आईने माळ्यावरून एक जुने पातेले काढले, त्याच्यावर खूण म्हणून लाल दोरा बांधला, बाल्कनीत वेगळी शेगडी मांडली आणि “तुझ्यामुळे हे दिवस बघावे लागले” एवढेच म्हणून, नाकाला पदर लावून, ठमीच्या पथ्याची कोंबडी स्वतः शिजवली. काशीला जाण्यापेक्षा हे प्रायश्चित्त कठीण होते, फक्त ते भलत्याच माणसाने घेतले.

ठमीने त्या प्रकरणातून काही धडा घेतला नाही असे मात्र नाही. तिने मला निर्दोष सोडले आणि कात्रीला जन्मठेप दिली. ज्या खणात ती कात्री असते तो उघडला, की ती कुठेही असो, दिवाणाखाली जाते. पुढे तिच्या ध्यानात आले की माझ्या नेलकटरचाही तसाच ‘कट्’ आवाज येतो. तेव्हापासून मी घरात स्वतःची नखे काढायला बसलो की ती माझ्याकडे अशा काळजीने पाहते आणि कण्हू लागते, की मी ते काम अर्ध्यावर टाकतो. एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत प्रयत्न केला, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा झाकला.

ठमीच्या उरलेल्या नखांसाठी डॉक्टरांनी नवी पद्धत सांगितली. रोज एकच नख, तेही अगदी टोकापुरते; असे थोडे थोडे नियमाने कापत गेले की आतली जिव्हाळीही हळूहळू मागे सरते. कापणाऱ्याचा हात स्थिर हवा, समोर चाटायला काहीतरी हवे, आणि घाबरलेले माणूस खोलीत नको, कारण आपल्या माणसाचा ताण कुत्र्याला लगेच जाणवतो. शेवटचे वाक्य ते माझ्याकडे पाहून बोलले. आता मुलगी नख कापते, बायको चमच्याने दही चाटवते, आई ‘झालं हं, झालं’ म्हणत पाठीवरून हात फिरवते आणि मला दाराबाहेर लिफ्टजवळ उभे केले जाते. काल तिथेच खालच्या मजल्यावरचे काका भेटले.

“आज काय?” त्यांनी जरा बिचकतच विचारले.

“आत नखं कापताहेत ठमीची.”

काकांनी बंद दाराकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे पाहिले आणि खांद्यावर थोपटून म्हणाले, “मग तिचं झालं की लगेच तुम्हीही बसून घ्या. मुलीचा हात हलका आहे, असं ऐकलंय.”