शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिले दोन महिने घरचेच

शिष्यवृत्तीमुळे परदेशातील वर्षभराच्या शिक्षणाची आर्थिक चिंता मिटते, हे लेखातील विधान मला अर्धेच पटले. मुळात ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाखाली बरेच काही खपते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापन केलेल्या, मुंबईतूनच चालणाऱ्या निधीची मदत ही कर्जाऊ असते आणि ती फेडावी लागते, तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग परत करावी लागत नाही, मात्र शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट तीत असते.

माझी मुलगी अशाच एका पूर्ण शिष्यवृत्तीवर (नाव सांगत नाही) इंग्लंडला गेली, तेव्हा भत्त्याचा पहिला हप्ता यायला सहा आठवडे लागले आणि खोलीची अनामत रक्कम व पहिले भाडे भरण्यासाठी आम्हाला मुलुंडच्या बँकेतील मुदतठेव मोडावी लागली. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास कुठे उजाडत असल्याने सकाळी लवकर बोलताना ती व्हिडिओ कॉलवर दिवा लावून बसायची आणि आमच्या खिडकीतले ऊन पाहून हळूच कॅमेरा बाहेर वळवायला सांगायची. तिथला मास्टर्स जेमतेम बारा महिन्यांचा. वर्ग मेच्या सुमारास संपले आणि उन्हाळा प्रबंधात गेला, त्यामुळे नोकरी शोधायला सवड अशी मिळालीच नाही. यंदा अर्ज करणाऱ्यांच्या पालकांनी निदान दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधीच करून ठेवावी.