प्रायश्चित्तकाळात मरियामाता कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मरियेच्या सात दुःखांवर चिंतन करत माळेवर म्हणायच्या प्रार्थनेवरच्या, म्हणजे सात दुःखांच्या रोझरीवरच्या, मागच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लेंट) ख्रिस्ताचा आहे, त्यात मरियाभक्ती घुसवून आपण क्रूसच झाकतो. रोझरी ही पोपटपंची आहे आणि मत्तय ६:७ मध्ये येशूनेच ती नाकारली आहे. 'क्रूसाची वाट' या चौदा स्थानांच्या भक्तीतलं आई-मुलाच्या भेटीचं चौथं स्थान बायबलमध्ये नाही. १ तीमथ्य २:५ प्रमाणे मध्यस्थ एकच, ख्रिस्त. शेवटी मरियेच्या नावाने बोलल्या जाणाऱ्या उपवासाच्या नवसांवर एक टोमणाही आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी माझी चूक. देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण 'दरवर्षी २५ मार्चलाच' असतो, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही, आणि ही चूक दुरुस्त करतानाच तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर हाती लागतं. २५ मार्च पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) किंवा ईस्टरच्या आठवड्यात आला, की हा सण ईस्टरनंतरचा पुढचा रविवार उलटून सोमवारी जातो. २०१६ मध्ये २५ मार्चला गुड फ्रायडे होता, म्हणून सण ४ एप्रिलला झाला. २०२४ मध्ये तो ८ एप्रिलला गेला. २०२७ मध्ये २५ मार्चला पवित्र गुरुवार आहे, तेव्हा सण ५ एप्रिलला. प्रायश्चित्तकाळातला एरवीचा रविवार आडवा आला तरी तो एक दिवस सरकतो, जसा २०१२ मध्ये २६ मार्चला सरकला. क्रूस आणि मरियेचा दिवस समोरासमोर आले, की वाट कोणी द्यायची हे चर्चच्या दिनदर्शिकेने कधीच ठरवून टाकलं आहे.

आणखी एक. पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आधीच्या शुक्रवारी मरियेच्या सात दुःखांचा सण असे. १७२७ मध्ये तो सगळ्या चर्चला लागू झाला होता. १९६९ च्या फेररचनेत तो सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला आणि १५ सप्टेंबरचा तेवढा ठेवला. २००२ च्या मिस्साग्रंथात (मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तिच्या पुस्तकात) त्या शुक्रवारी मरियेचा उल्लेख असलेली एक पर्यायी प्रार्थना परत आली, सण नाही. त्यामुळे तुमची काळजी चर्चबाहेरची आहे असं मुळीच नाही. फक्त उत्तर 'मरिया नको' असं नसून 'मरिया तिच्या जागी' असं आहे.

जागा म्हणजे काय, ते बारीकसारीक गोष्टींत दिसतं. या काळात वेदीवर फुलं ठेवायची नसतात. चौथा रविवार आणि मोठे सण एवढाच अपवाद. मग मरियेच्या मूर्तीपुढे झेंडूचे हार आणि लायटिंगची माळ, आणि शेजारी वेदी उघडी, हे दृश्य विसंगतच दिसतं. 'आलेलुया' हा आनंदाचा जयघोष असलेली मरियागीतंही ईस्टरच्या जागरणापर्यंत म्हणायची नाहीत. २५ मार्चचा सण जागेवर राहिला तर पांढरी वस्त्रं येतात, 'गौरव' हे स्तुतिगीत म्हटलं जातं, विश्वासांगिकारात देहधारणेच्या ओळीला गुडघे टेकतात, पण आलेलुया तेव्हाही नाही. आणि मिस्सा चालू असताना मागच्या बाकांवर रोझरी ओढत बसणं ही चूक आहे, असं पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलं. पन्नास वर्षं झाली, मागची बाकं अजून ऐकत नाहीत.

आता पोपटपंची. मत्तय ६:७ मध्ये आक्षेप निरर्थक बडबडीवर आहे, तेच शब्द पुन्हा म्हणण्यावर नाही. गेथशेमानीत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). स्तोत्र १३६ मध्ये एकच पालुपद २६ वेळा येतं. पण रोझरी बडबड होऊ शकते, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. चिंतनाविना रोझरी म्हणजे आत्म्याविना देह, हेही पॉल सहावे यांचंच. ती बडबड कुठे होते ते नेमकं सांगता येतं. 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग येशूच्या नावापाशी संपतो. समूहात म्हणताना पुढारी तिथे पोचण्याआधीच बाकीचे 'हे पवित्र मरिये' सुरू करतात आणि नेमकं येशूचं नाव गिळलं जातं. ज्या शब्दासाठी प्रार्थना आहे तोच ऐकू येत नाही! उपाय सोपा: त्या नावानंतर एक श्वास. जर्मन भाषक प्रदेशांत नावापाठोपाठ रहस्याचे, म्हणजे चिंतनाच्या प्रसंगाचे, चार शब्द जोडतात, 'ज्याने आमच्यासाठी फटके सोसले' अशा धर्तीचे. घरी म्हणताना हे करून पाहा, वेग आपोआप उतरतो.

सात दुःखांच्या रोझरीत सात गट असतात. प्रत्येक गटात एक 'हे आमच्या पित्या' आणि सात 'नमो मरिया', शेवटी मरियेच्या अश्रूंच्या स्मरणार्थ तीन. एकूण ५२ 'नमो मरिया'. वेगळी माळ नसेल तर नेहमीच्या माळेवर लोक घोळ घालतात, कारण बोटं सवयीने दहाव्या मण्यापर्यंत जातात. म्हणून प्रत्येक दशकातले (दहा मण्यांच्या गटातले) पहिले तीन मणी सोडून चौथ्यापासून सुरुवात करा. सात झाले की बोट आपसूक मोठ्या मण्याला अडतं. पाच दशकं संपली की सहाव्या-सातव्या दुःखासाठी पुन्हा पहिल्या दोन दशकांवर यायचं. प्रत्येक दुःखाआधी उतारा वाचा आणि थोडं थांबा. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत आटोपलं तर धावलात असं समजा.

उतारे देतो, कारण तुमचा चौथ्या स्थानाचा मुद्दा इथेच आहे. शिमोनाचं भाकीत लूक २:३४-३५, मिसरला पलायन मत्तय २:१३-१५, मंदिरात हरवलेला मुलगा लूक २:४१-५०, क्रूसाजवळ उभी आई योहान १९:२५-२७. या चार ठिकाणी मरिया शुभवर्तमानात स्पष्ट आहे. वाटेवरची भेट, मांडीवरचा मृतदेह आणि दफन या तीन ठिकाणी घटना शास्त्रातली असली तरी तिथली मरिया परंपरेची आहे. हे कोणी लपवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये कोलोसियममध्ये केवळ शास्त्राधारित क्रूसाची वाट चालवली. तीत चौथ्या स्थानी पेत्राचा नकार आहे, आणि आई येते ती योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे क्रूसापाशी. तुम्हाला ती पटत असेल तर खुशाल तीच करा. पण गोव्यात सांतोस पासोसच्या मिरवणुकीत क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती एका बाजूने येते आणि काळ्या वस्त्रांतली आई दुसऱ्या बाजूने. त्या भेटीपुढे उभा असलेला माणूस क्रूसापासून दूर जातो असं म्हणणं मला जड जाईल.

मध्यस्थाबद्दल थोडक्यात. तीमथ्याच्या त्याच अध्यायात पहिल्याच वचनात पौल सर्व माणसांसाठी विनंत्या करायला सांगतो. मरियेकडे तेच मागायचं: आमच्यासाठी विनंती कर. आराधना फक्त देवाची, हे ७८७ च्या निकेया परिषदेने शब्दांत मांडलं. त्याच्याही चारशे वर्षं आधी, मरियेला नैवेद्य दाखवणाऱ्यांना एपिफानियस या बिशपने बजावलं होतं की तिचा मान ठेवा, तिची आराधना करू नका. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमने मरियेला 'सहतारक' (ख्रिस्ताच्या बरोबरीने तारणारी) म्हणणं अयोग्य ठरवलं.

नवसाचा टोमणा मात्र निम्मा स्वीकारतो. 'चाळीस दिवस फक्त पाणी' असले नवस मरियेच्या नावाने बोलणं चुकीचंच. चर्चचा उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत, एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं. मांसवर्ज्य चौदाव्या वर्षानंतर. आजाऱ्याला सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने नवसापायी जेवण टाळू नये. उलट टोकही आहेच: शुक्रवारी मटण नाही म्हणून ताटात सुरमईचे चार तुकडे आणि कोळंबीचं कालवण. नियम मोडला नाही, पण मटणापेक्षा महागडं जेवण झालं.

मूळ लेखात दोन बदल केले आहेत. २५ मार्चचं वाक्य दुरुस्त केलं, आणि 'सात दुःखांची रोझरी रोज म्हणा' होतं तिथे 'शुक्रवारी, क्रूसाची वाट झाल्यावर वेळ उरला तर' असं केलं.