चारशे रुपयांचा श्रीमंत

परवापासून मी श्रीमंत आहे. चारशे रुपयांनी.

गोव्यात गृहिणींना महिन्याला पैसे देणारी सरकारची गृह आधार योजना आहे. तिच्यासाठी नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. माझं निघालं ३,००,४००. शेटनं चतुर्थीला बोनस दिला त्याचं हे पाप. आणि तो बोनस तर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळं-पानं, आणि फटाके यांतच संपला होता. खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला. "बसत नाही." जसा मी चपलेचा जोड घालून बघत होतो.

"चारशे शेटला परत करतो," म्हटलं.

"पुढच्या वर्षी या."

मागे छत्रीवाले एक आजोबा उभे होते. त्यांना माझं प्रकरण भलतंच आवडलं.

"भाटात, बागेत, माड किती?"

"तीन. एकावर वीज पडली."

"अडीच धरू. नारळ?"

"माकडं खातात हो."

"माकडांनी खाल्ले तरी उत्पन्न ते उत्पन्न. खाल्ले तो खर्च झाला." हे त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर लिहूनसुद्धा घेतलं. "फणस?"

"एक. रसाळ."

"रसाळ? मग तो नको धरूया. कोंबड्या?"

"चार, आणि एक कोंबडा."

"झुंजीचा?"

"मांजराला बघून माळ्यावर चढतो."

रांगेत हशा पिकला. आजोबांनी मला ३ लाख १४ हजारांवर नेऊन ठेवलं. मग चष्म्यावरून बघत शेवटचा बाण सोडला, "मेव्हणा गल्फात?"

"आहे. पण तो..."

"मग तू रांगेत कशाला आलास रे?"

खरं तर श्रीमंती मला नवी नाही. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं, शहरात दिवसाला ३२ रुपये आणि गावात २६ खर्च करणारा गरीब नाही. पुढे २०११-१२ साठी गोव्याची गरिबीची रेषा आखली ती गावात माणशी महिन्याला १०९० रुपये. म्हणजे रोजचे छत्तीस. बाजारातून बांगडे मासळीचा वाटा घेऊन घरी येणारा प्रत्येक जण तेव्हा सावकारच होता.

आणि आता? दिल्लीच्या आरक्षणात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेला माणूस 'आर्थिक दुर्बल'. पणजीच्या योजनेत ३ लाख चारशेवाला मी सबळ. बायकोचे महिन्याचे १५०० गेले, वर्षाचे १८ हजार. रेषेच्या अलीकडे घसरगुंडी ठेवली असती तर पैसे थोडे थोडे कमी झाले असते. इथे सरळ कडाच आहे, आणि चारशे रुपयांनी मला त्यावरून ढकललं. शेटनं बोनसऐवजी मिठाई दिली असती तर मी आज गरीब, सुखी असतो. हे त्याला सांगायची सोय नाही. पुढच्या वर्षी खरंच मिठाई द्यायचा.

एवढ्यात आजोबांचा नंबर लागला. बाईंनी विचारलं, "बागायत?"

"नाही हो बाय. सगळं मुलाच्या नावावर."

कागद बसला. जाताना छत्रीचं टोक माझ्या खांद्याला लावून म्हणाले, "तो रसाळ फणस पिकला की सांग हां. उत्पन्नात धरलेला नाही मी."